वाचक विचारतात : बॉबी ‘ब्लू’ ब्लँड यांचं गाणं

या महिन्याच्या टपालात बॉबी ‘ब्लू’ ब्लँड यांच्याबद्दलची बरीच पत्रं आहेत. १९३० साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात बॅरेटव्हिल इथे जन्मलेले, मेम्फिसच्या बील स्ट्रीटवर घडलेले आणि २०१३ मध्ये वयाच्या ८३व्या वर्षी निवर्तलेले हे सोल-ब्लूज गायक. ऐकणाऱ्यांचे, गाणाऱ्यांचे आणि वाजवणाऱ्यांचे प्रश्न वेगवेगळे होते, त्यातले निवडक इथे घेतले आहेत.

सोल-ब्लूज हा खरोखर वेगळा प्रकार आहे, की नुसती कंपन्यांनी लावलेली चिठ्ठी? (नाशिक)

वेगळा आहे, आणि तो ओळखता येतो. ब्लूजचा नेहमीचा साचा बारा बारचा (बार म्हणजे चार ठोक्यांचा एक खंड), मुख्यतः तीन कॉर्डचा (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर). एक ओळ दोनदा म्हणायची आणि तिसरीत तिचा शेवट करायचा. सोल आलं चर्चमधल्या गॉस्पेल गाण्यातून. तिथे गायक आळवतो, साथीचे आवाज त्याला उत्तर देतात आणि गाणं पायरीपायरीने चढत जातं. सोल-ब्लूजमध्ये आशय आणि स्वर ब्लूजचे राहतात, मांडणी मात्र गॉस्पेलची होते. गिटार मागे सरकते, ट्रंपेट-सॅक्सोफोनचा ताफा पुढे येतो आणि सगळा भार गायकाच्या गळ्यावर पडतो. ब्लँड कोणतंही वाद्य वाजवत नसत. ब्लूजच्या मोठ्या नावांमध्ये ही गोष्ट दुर्मीळ आहे, आणि त्यांच्या गाण्याचा बाज असा का आहे हे तिथेच कळतं.

सुरुवात कोणत्या ध्वनिमुद्रिकेपासून करावी? (सांगली)

‘टू स्टेप्स फ्रॉम द ब्लूज’, १९६१. बारा गाणी, जेमतेम अर्ध्या तासाची. ती क्रमाने, एका बैठकीत ऐका. ‘आय पिटी द फूल’ त्यातलंच. त्या वर्षी ते रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. ‘लीड मी ऑन’ आणि ‘आय’ल टेक केअर ऑफ यू’ ही दोन गाणी मात्र कमी आवाजात, शक्यतो हेडफोन लावून ऐका. आवाज न चढवता माणूस किती सांगू शकतो, ते त्यांत कळतं.

त्यानंतर १९५७चं ‘फार्दर अप द रोड’ ऐका, म्हणजे संगीतयोजना बदलण्याआधीचा, गिटारच्या अंगाने जाणारा ब्लँड भेटेल. मग १९७४चा ‘ड्रीमर’ हा अल्बम. त्यातलं ‘एन्ट नो लव्ह इन द हार्ट ऑफ द सिटी’ पुढे रॅपर जे-झी यांच्या २००१च्या गाण्यात वापरलं गेल्यामुळे तरुण वाचकांना ओळखीचं वाटेल. शेवटी १९८५चं ‘मेंबर्स ओन्ली’. ते मालाको या रेकॉर्ड कंपनीचं. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरातल्या या कंपनीने सोल-ब्लूजला उतरत्या काळात आधार दिला. झेड. झेड. हिल, जॉनी टेलर, डेनीस लसाल, लिटल मिल्टन हे सगळे तिच्याकडे गायले. ब्लँड यांचा उत्तरार्ध तिथेच गेला. त्या काळातल्या मुद्रणांत सिंथेसायझरचा वापर जास्त आहे आणि कानाला तो खटकतो. तरी गळा तोच आहे.

ओळीच्या शेवटी ते घशातून जी घरघर काढतात ती कशी? मी ख्याल शिकते. ती करून पाहिली तर आवाज बिघडेल का? (पुणे)

या आवाजाला ‘स्क्वॉल’ म्हणतात. तरुणपणी ब्लँड उंच, हलक्या फॉल्सेटोत (नेहमीच्या आवाजाच्या वरच्या, पातळ आवाजात) गात. ती पट्टी पुढे हाताशी राहिली नाही, तेव्हा त्यांना ओळखीची दुसरी खूण हवी होती. ती त्यांना डेट्रॉइटचे धर्मोपदेशक सी. एल. फ्रँकलिन (अरीथा फ्रँकलिन यांचे वडील) यांच्या प्रवचनांच्या ध्वनिमुद्रिकांत सापडली. घरटं हलवणाऱ्या गरुडावरचं त्यांचं प्रवचन ब्लँड यांनी पुन्हा पुन्हा ऐकलं. १९५८च्या ‘लिटल बॉय ब्लू’मध्ये ही घरघर स्पष्ट ऐकू येते.

ब्लँड ती फार थोडी वापरतात, हे आधी लक्षात घ्या. दोन-तीन ओळी अगदी मऊ, जवळजवळ बोलल्यासारख्या जातात आणि मग एका शब्दाच्या शेपटाला अर्धा-एक सेकंद ती येते. मऊपणा शिकल्याशिवाय ती घेतली, तर नुसती ओरड उरते.

आता करायचं कसं. आधी स्वर स्वच्छ लावा, ‘आ’ किंवा ‘ओ’वर, मध्य सप्तकात, सहज पेलेल तिथे. श्वास पोटातून सुरू राहू द्या. मग हळूच खाकरताना घशाच्या वरच्या भागात जो खरखरीत स्पर्श जाणवतो, तो त्या स्वरावर क्षणभर ठेवा आणि लगेच स्वच्छ स्वरावर परत या. स्वरतंतूंच्या वर असलेल्या घड्या कंप पावतात, त्यामुळे हा खरखरीतपणा येतो. तंतू दाबावे लागत नाहीत. नेहमीची चूक अशी की माणूस मान आणि जबडा आवळतो, जोर लावतो आणि श्वास संपल्यावरही आवाज ढकलत राहतो. मग तंतू एकमेकांवर आपटतात, सुजतात आणि दुसऱ्या दिवशी वरचा षड्ज लागत नाही.

गळा तापल्यावरच, तेही एका वेळी पाच मिनिटं, त्याहून जास्त नको. पहाटेच्या खर्जाला हे जोडू नका. टोचलं, खवखवलं की तिथेच थांबा. आवाजाचा बसकेपणा दोन-तीन आठवडे टिकला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. मोकळ्या आकाराचा रियाज तुमच्या उपयोगी पडेल, कारण खाली स्वर पक्का असल्याशिवाय ही घरघर सुरात बसत नाही.

त्यांच्या ‘स्टॉर्मी मंडे’ची चाल गिटारवर नेहमीच्या बारा बारमध्ये बसत नाही. कुठे चुकतंय? (कोल्हापूर)

तुमचं चुकत नाही. मधल्या कॉर्ड वेगळ्या आहेत. हे गाणं मुळात टी-बोन वॉकर यांचं, १९४७चं. ब्लँड यांच्या १९६२च्या आवृत्तीत गिटार वेन बेनेट यांची आहे, आणि नंतर ऑलमन ब्रदर्स या रॉक बँडपासून पुष्कळांनी तोच मार्ग धरला. जी पट्टीत वाजवायला सोयीचं रूप असं :

पहिला बार जी नाइन, दुसरा सी नाइन, तिसऱ्यात अर्धा जी नाइन आणि अर्धा ए-फ्लॅट नाइन, चौथा पुन्हा जी नाइन. पाचवा-सहावा सी नाइन. सातव्यात दोन ठोके जी नाइन, दोन ए मायनर सेव्हन. आठव्यात दोन बी मायनर सेव्हन, दोन बी-फ्लॅट मायनर सेव्हन. नववा पूर्ण ए मायनर सेव्हन, दहावा डी नाइन. अकराव्यात जी आणि सी, बाराव्यात जी आणि डी.

सातव्या बारपासून चढून आठव्यात अर्ध्या स्वराने खाली सरकणं, हीच या गाण्याची जान. बासवाल्याला हे आधी सांगा. तो सवयीने आठव्या बारमध्ये जी वाजवत राहिला, तर बी-फ्लॅट मायनर त्याच्याशी भांडतो आणि सगळ्यांना वाटतं गिटार बेसूर आहे. लय मिनिटाला ६० ते ६६ ठोके, प्रत्येक ठोक्यात तीन मात्रा. ड्रमरने घाई केली की गाणं मरतं. बेनेट यांच्याकडून शिकण्यासारखं आणखी एक : त्यांची वळणं ओळ संपल्यावर येतात. गायक शब्द म्हणत असताना तारा छेडत बसू नका.

गाण्यांखाली ‘डेड्रिक मलोन’ हे नाव सतत दिसतं. हे कवी कोण? (बेळगाव)

ब्लँड यांची गाणी काढणाऱ्या ड्यूक या रेकॉर्ड कंपनीचे मालक डॉन रोबी यांनी घेतलेलं टोपणनाव. इतरांनी लिहिलेली गाणी ते थोड्या पैशांत विकत घेत आणि या नावाने नोंदवत. ब्लँड यांच्यावर झालेला अन्याय वेगळा. त्यांचं शाळेतलं शिक्षण तिसरीतच सुटलं होतं, करारपत्र वाचता येत नव्हतं. लष्करी सेवेनंतर त्यांनी सही केलेल्या करारात दर रेकॉर्डमागे अर्धा सेंट ठरला होता, तेव्हाचा प्रचलित दर दोन सेंट असताना. एवढ्या यशस्वी गायकाची अशी लूट झाली, हे वाचताना आजही संताप येतो.

ब्लँड यांच्या आवाजाला चौकट दिली ती ट्रंपेटवादक आणि संगीतयोजक जो स्कॉट यांनी. ते शब्द एकेक करून समजावत, कुठे थांबायचं ते सांगत. त्यांचं नाव मलोनपेक्षा कितीतरी जास्त लक्षात राहायला हवं.

मुंबईच्या महिंद्रा ब्लूज महोत्सवात ब्लूज ऐकल्यापासून आमच्या कॉलेजच्या बँडला ‘टर्न ऑन युअर लव्ह लाइट’ बसवायचं आहे. ब्लँड मंचावर कसे गात? आम्हाला माणसं किती लागतील? (ठाणे)

ते फारसे नाचत-फिरत नसत. नीटनेटका सूट, हातात माइक, मागे ताफा. १९५०च्या दशकाअखेर ब्लूज गायक ज्युनियर पार्कर यांच्याबरोबर गावोगाव फिरून त्यांनी ही शिस्त कमावली. जाबो स्टार्क्ससारखा ड्रमर त्यांच्याकडे वाजवत होता. पुढे तो जेम्स ब्राउन यांच्याकडे गेला. बी. बी. किंग यांच्याबरोबरचा १९७४चा प्रत्यक्ष श्रोत्यांसमोरचा अल्बम ऐका. एके काळी ब्लँड यांनी किंग यांची गाडी चालवली होती. इथे दोघं शेजारी बसल्यासारखे गप्पा मारत गातात. सफाई कमी आहे, जिव्हाळा भरपूर.

माणसं : ड्रम, बास, गिटार, ऑर्गन किंवा पियानो आणि किमान एक ट्रंपेट व एक टेनर सॅक्सोफोन. हॉर्न्स (ट्रंपेट-सॅक्सोफोन) मिळत नसतील तर कीबोर्डवर वाजवा, पण स्वर तोडून, झटकन सोडून. लांबवलेला स्वर गायकाच्या जागा गिळतो. मधल्या भागात सगळे थांबतात आणि ड्रमवर फक्त गळा राहतो. तिथे ड्रमरने आवाज निम्म्यावर आणायचा, लय तीच ठेवायची. लय पडते ती बहुधा इथेच, म्हणून हा तुकडा मेट्रोनोमवर वेगळा बसवा. मग एकेक वाद्य परत घ्या, हॉर्न्स सर्वांत शेवटी.

माइक मऊ ओळींना ओठांपासून पाच-सहा सेंटिमीटर, चढलेल्या स्वराला पंचवीस-तीस. ध्वनिव्यवस्थेवर बसलेल्याला कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार सपाट करणारं यंत्र) हलका ठेवायला सांगा. तो जास्त असला की कुजबुज आणि हाक एकाच उंचीवर येतात. मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) गायकाच्या बरोबर समोर, माइकच्या पाठीमागच्या बाजूला ठेवा, नाहीतर माइक जवळ घेताच शिट्टी सुरू होईल.