‘मॅडम, ब्रँच बदलून मिळंल का?’

द्राक्षाची तोड ऐन भरात होती, तरी तासगावकडचे एक शेतकरी सगळं टाकून मुलीला घेऊन सांगलीला माझ्याकडे आले. मुलगी कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. “पोरगी आठ दिस झालं नीट जेवंना, मॅडम. ब्रँच बदलून मिळंल का बघा.” मुलगी मान खाली घालून म्हणाली, “मला लॉजिकच नाही. असेंब्ली मला कधीच येणार नाही.”

असेंब्ली म्हणजे प्रोसेसरला थेट, एकेक पायरीने सूचना देण्याची भाषा. हे वाक्य मी दरवर्षी ऐकते. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी काही वर्षं मायक्रोप्रोसेसरची लॅब घेतली आहे, त्यामुळे एक प्रश्न हमखास विचारते: विषय कळत नाही, की काम सुरूच होत नाही? ती गप्प बसली. मग तिने लॅपटॉप उघडला, टास्मवर, म्हणजे असेंब्लीचा कोड यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रॅमवर, डबल क्लिक केलं आणि ‘धिस अ‍ॅप कान्ट रन ऑन युवर पीसी’ ही पाटी मला दाखवली. चार वेळा इन्स्टॉल करून झालं होतं. तिच्या लेखी हा तिच्या बुद्धीचा निकाल होता.

टास्म हे डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळातलं, १६ बिटचं टूल. आजचं ६४ बिटचं विंडोज १६ बिटचे प्रोग्रॅम चालवतच नाही. त्यासाठी डॉसबॉक्स लागतं. ते लॅपटॉपच्या आत जुना डॉसचा संगणक उभा करतं. त्यात टास्मचा फोल्डर माउंट करायचा, म्हणजे जोडून घ्यायचा, मग कोड बदलायला टास्म, त्यातून चालणारी फाइल बनवायला टीलिंक आणि शेवटी ती ओळीओळीने तपासायला टर्बो डीबगर, बस्स. दुसरी गाठ तिच्या फाइलमध्ये होती. कॉलेजच्या टास्मच्या कोडमध्ये तिने व्हिडिओत पाहिलेल्या, लिनक्सवरच्या नॅस्म या दुसऱ्या टूलच्या ओळी घातल्या होत्या. डॉसला हाक मारायची तर इंट २१एच. तिने लिहिलं होतं इंट ८०एच, जे लिनक्सचं. नॅस्म वाईट नाही, पण परीक्षा होईपर्यंत एकच टूल धरा, असं मी मुलांना अगदी हट्टाने सांगते.

पाच आणि तीनची बेरीज चालवली. स्क्रीनवर काहीच उमटलं नाही, आणि तिचे डोळे भरून आले. “अगं बाळ, उत्तर दाखव असं तू त्याला सांगितलंयस कुठं? बेरीज रजिस्टरमध्येच आहे.” डीबगर उघडला. रजिस्टर म्हणजे प्रोसेसरमधली आकडे ठेवायची छोटी जागा. कोऱ्या कागदावर एएक्स, बीएक्स, सीएक्स, डीएक्स असे रजिस्टर्सचे रकाने आखले. प्रत्येक ओळीला आधी पेन्सिलीने अंदाज लिहायचा, मग एफ८ दाबून ताडून बघायचं. १९७८ सालच्या ८०८६ या प्रोसेसरवर आजही शिकवण्यात मला हाच फायदा वाटतो: मोजकी रजिस्टर्स, सगळी एका नजरेत मावतात. एएलमध्ये, म्हणजे एएक्सच्या खालच्या अर्ध्या भागात, ०८ दिसलं. तिच्या कागदावरही ०८ होतं.

मग मी म्हटलं, आता एफएफमध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीतल्या २५५ मध्ये, एक मिळव. तिने एफएफएच लिहिलं (शेवटचा एच ही सोळाच्या पद्धतीची खूण) आणि एरर आली: ‘अनडिफाइन्ड सिंबॉल’. या वेळी तिने खिडकी बंद केली नाही. एरर दोनदा वाचली, वहीची पानं उलटली. “मॅडम, अक्षराने सुरू होणाऱ्या आकड्याआधी शून्य लावायचं असतं ना? नाहीतर तो त्याला नाव समजतो.” मी नुसती मान हलवली. ब्रँचचं काय करायचं, हे माझ्यापुरतं तिथेच ठरलं.

०एफएफएच. एफ८. एएलमध्ये ००. “गेला कुठं आकडा?” वडील खुर्ची सरकवून पुढे वाकले. तिने बोट डीबगरमधल्या फ्लॅगच्या, म्हणजे उत्तराबद्दलच्या खुणांच्या, रकान्यावर नेलं. सी समोर १ होता. “हातचा, बाबा. एएलमध्ये आठच बिट मावतात, म्हणून हातचा इथं ठेवलाय.”

वडिलांनी ब्रँच बदलण्याच्या अर्जाची घडी खिशात परत ठेवली. तिने तो पेन्सिलीचा कागद मागून घेतला आणि विचारलं, “वजाबाकीला पण असंच होतं का?” मी तिला म्हटलं, घरी जाऊन आधी अंदाज लिही, मग एफ८ दाब.