बारावीला गणित नसलं तरी पहिल्या सेमिस्टरचं ऑप्टिक्स सुटतं

तू लिहिलंयस की बी.ऑप्टोमच्या, म्हणजे डोळे तपासून चष्मा-लेन्स देण्याच्या पदवीच्या, पहिल्या सेमिस्टरची परीक्षा महिन्यावर आलीय, बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी होतं, गणित नव्हतं, आणि जॉमेट्रिकल ऑप्टिक्सचं (प्रकाशकिरण आणि लेन्सच्या विषयाचं) एकही गणित सुटत नाही. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री अर्धवट राहिलंय, आणि हे सगळं सोडून पुन्हा नीटला बसावं का, हा विचार पिच्छा सोडत नाही.

शेवटचा प्रश्न आधी घेते. तो निर्णय परीक्षा संपल्यावर घे. पहिल्या सेमिस्टरला तुला डोळा फारसा भेटतच नाही. तपासणी, रिफ्रॅक्शन म्हणजे चष्म्याचा नंबर काढणं, कॉन्टॅक्ट लेन्स, लो व्हिजन म्हणजे चष्म्यानेही नीट न दिसणाऱ्यांना मदत, हे सगळं पुढे येतं. जे अजून बघितलंच नाहीस ते आवडतं की नाही, हे आत्ता कसं कळणार? आणि गणित न घेतलेली मुलं या कोर्सला सर्रास येतात. मी ज्युनिअर मुलांना वर्षानुवर्षं शिकवत आलेय. गणित नसणाऱ्यांचं ऑप्टिक्स बुद्धीमुळे अडलेलं मी पाहिलेलं नाही. ते अडतं कारण मुलं ते ॲनाटॉमीसारखं वाचायला जातात.

म्हणून माझं एकच आग्रहाचं सांगणं: बाकीचे विषय दिवस ठरवून कर, पण ऑप्टिक्सला रोज सकाळी ताज्या डोक्याने दीड तास दे. पुस्तक मिटून, हातात पेन घेऊन. सुटलेलं गणित डोळ्याखालून घातलं की समजल्यासारखं वाटतं, पण परीक्षेत ते मुळीच उभं राहत नाही.

सुरुवात व्हर्जन्सपासून कर, म्हणजे किरण किती एकवटतात किंवा पसरतात त्या मापापासून. बारावीच्या फिजिक्समध्ये तू 'एक छेद व्ही वजा एक छेद यू बरोबर एक छेद एफ' शिकलीस. तेच हे. फक्त अंतर मीटरमध्ये घेऊन एकाला त्याने आधीच भागून टाकायचं, म्हणजे डायॉप्टर हे एकक मिळतं आणि पुढे अपूर्णांक उरतच नाहीत, नुसती बेरीज-वजाबाकी राहते. लेन्सवर येणारं व्हर्जन्स अधिक लेन्सची पॉवर म्हणजे बाहेर पडणारं व्हर्जन्स. प्रकाश डावीकडून उजवीकडे जातो असं धर, अंतर लेन्सपासून मोज, प्रकाशाच्या उलट दिशेला मोजलं तर वजा.

आता +५ डायॉप्टरची लेन्स घे. वस्तू ५० सेंटिमीटरवर: येणारं व्हर्जन्स −२, अधिक ५, उत्तर +३. प्रतिमा लेन्सच्या पलीकडे ३३.३ सेंटिमीटरवर. वस्तू २० सेंटिमीटरवर आण: −५ अधिक ५, शून्य. किरण समांतर, प्रतिमा अनंतावर. आणखी जवळ, १० सेंटिमीटरवर: −१० अधिक ५, −५. प्रतिमा वस्तूच्याच बाजूला, २० सेंटिमीटरवर, आभासी. तिन्हींची आकृती काढ. या तीन ओळी पक्क्या झाल्या की पातळ लेन्सचा धडा बहुतेक संपलाच समज. मग लेन्स वजा घे आणि पुन्हा तेच कर.

दोन लेन्सच्या गणितात मुलं नेमकी एकाच जागी घसरतात. पहिल्या लेन्समधून +३ बाहेर पडलं आणि दुसरी लेन्स १० सेंटिमीटर पुढे आहे, तर +३ मधून काही वजा करायचं नाही. आधी अंतरात ये: ३३.३ मधून १० गेले, २३.३ सेंटिमीटर उरले, म्हणजे ०.२३३ मीटर, एकाला त्याने भागलं की साधारण +४.२९. हे दुसऱ्या लेन्सवर येणारं व्हर्जन्स. हीच पायरी पुढे आयुष्यभर लागते. चष्मा −१०.०० चा आणि डोळ्यापासून १२ मिलिमीटर दूर असेल, तर कॉन्टॅक्ट लेन्स −१० ची देत नाहीत, −९ च्या आसपासची देतात. कारण हेच.

एका पृष्ठभागाचं सूत्र आलं की कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, घे. ते सूत्र मग विसरत नाही. हवेचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (अपवर्तनांक) १, कॉर्नियाचा १.३७६, पुढच्या पृष्ठभागाची त्रिज्या ७.७ मिलिमीटर. फरकाला मीटरमधल्या त्रिज्येने भाग: जवळजवळ +४८.८ डायॉप्टर. मागचा पृष्ठभाग ॲक्वियसला, म्हणजे डोळ्यातल्या पाण्यासारख्या द्रवाला, लागून आहे, इंडेक्स १.३३६, त्रिज्या ६.८ मिलिमीटर: सुमारे −५.९. एकूण ४३. पूर्ण डोळ्याची ताकद ६० डायॉप्टरच्या आसपास, म्हणजे मोठा वाटा कॉर्नियाचाच. आता हवेच्या जागी पाणी घाल, १.३३३. पुढच्या पृष्ठभागाची ताकद ५.६ वर येते आणि मागचा पृष्ठभाग तीही खाऊन टाकतो. विहिरीत बुडी मारून डोळे उघडले की सगळं धूसर का दिसतं, याचं उत्तर तुझ्या वहीत आलं. हा प्रश्न व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारायला आम्हाला फार आवडतो. या आकड्यांमागे स्वीडिश नेत्रतज्ज्ञ गुलस्ट्रँड यांचं काम आहे, आणि १९११ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना डोळ्याच्या ऑप्टिक्सवरच मिळालं. पहिल्या सेमिस्टरला रुक्ष वाटणारा हा विषयच या व्यवसायाचा कणा आहे, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

बाकी विषयांचं थोडक्यात. ॲनाटॉमी आकृत्या काढून कर. एका आकृतीला कोरा कागद, नावं न बघता लिही, मग चुका लाल पेनाने. पूर्ण सिलॅबस होणार नसेल तर डोकं-मान आणि क्रेनिअल नर्व्ह्ज (मेंदूतून निघणाऱ्या नसा) सोडू नकोस, कारण पुढच्या डोळ्याच्या ॲनाटॉमीत तेच लागतं: डोळ्याच्या खोबणीची सात हाडं, डोळा हलवणाऱ्या स्नायूंपैकी लॅटरल रेक्टसला सहावी नस, सुपीरिअर ऑब्लिकला चौथी, बाकीच्यांना तिसरी. फिजिऑलॉजी लिहिताना प्रत्येक उत्तरात क्रम दाखव, आधी काय घडतं आणि त्यामुळे पुढे काय. बायोकेमिस्ट्री कोरडी वाटते तेव्हा तिला डोळ्याशी बांध. व्हिटॅमिन ए कमी पडलं की डोळ्यातलं ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य कमी, त्यातून रातांधळेपणा. मधुमेहात लेन्समध्ये ग्लुकोजचं सॉर्बिटॉल होणं, त्यातून मोतीबिंदू. असं उत्तर शेवटी दोन ओळी डोळ्यावर आलं की तपासणाऱ्याला बरं वाटतं. न्यूट्रिशन आणि इंग्रजीला शेवटचे दिवस पुरतात, पण त्या पेपरांना अभ्यास न करता जाऊ नकोस. केटी (नापास झालेला विषय पुन्हा देणं) अशाच विषयांत लागते आणि जास्त जिव्हारी लागते.

जर्नल आजच पूर्ण करून सही घे. शेवटच्या आठवड्यात सरांच्या केबिनबाहेर रांगेत जाणारा वेळ तुझ्या अभ्यासाचा असतो. हजेरी कमी पडत असेल तर तेही आत्ताच ऑफिसात विचार, हॉल तिकिटाच्या दिवशी नाही.

प्रॅक्टिकलला हँड न्यूट्रलायझेशन, म्हणजे हाताने लेन्सची पॉवर ओळखणं, आलंच समज. लेन्स कडेला धर, मधे बोट लागू देऊ नकोस. बाहेरून आलेले परीक्षक सगळ्यात आधी तेच बघतात. लांबच्या फुलीकडे लेन्समधून बघत लेन्स हलव. फुली लेन्ससोबत सरकली तर लेन्स मायनस, उलट सरकली तर प्लस. विरुद्ध पॉवरची ट्रायल लेन्स चढवत जा, हालचाल थांबली की उत्तर. लेन्स गोल फिरवताना फुलीच्या रेषा कात्रीसारख्या तिरक्या होत असतील तर लेन्समध्ये सिलिंडर आहे, म्हणजे वेगवेगळ्या दिशांना पॉवर वेगळी आहे. व्हायवात आधी व्याख्या, मग एकक, मग उदाहरण. येत नसेल तर "येत नाही, सर" असं सरळ सांग, ते पुढचा प्रश्न विचारतात. अंदाजाने बोललीस तर त्याच धाग्याने तुला आत ओढत नेतात.

घरी सांगितलंयस का, की तुला इतकं जड जातंय? नसेल तर आज रात्री आईशी बोल. मार्कांबद्दल नको, नुसतं सांग. आणि पेपरच्या आदल्या रात्री जागू नकोस. ऑप्टिक्सच्या पेपरला तर अजिबातच नाही, झोप झाली नाही की पहिली चूक प्लस-मायनसच्या चिन्हातच होते.

वर दिलेली गणितं उद्या सोडव. जिथे अडशील ती पायरी आकृतीसकट मला लिही. नुसतं 'कळलं नाही' म्हणू नकोस, वहीत पेन कुठे थांबलं ते सांग.