आपल्या माघारी मुलाला कुठे ठेवायचं?

ताई, तुम्ही चोपड्याहून लिहिलंत की मुलगा चोवीस वर्षांचा आहे, बौद्धिक अक्षमता आहे, आणि नातेवाईक म्हणतात की पुण्याच्या एखाद्या संस्थेत आत्ताच ठेवा म्हणजे तुमच्या माघारी घोर नको. आम्ही हे करून बसलोय, म्हणून लिहितो.

माझा धाकटा भाऊ आज 41 वर्षांचा आहे. आई गेली त्या वर्षी त्याला लांबच्या एका निवासी संस्थेत ठेवलं. खाण्यापिण्याची आबाळ नव्हती. पण दीड वर्षाने भेटायला गेलो तर कुणी 'बस' म्हणेपर्यंत तो ताट धरून उभाच. घरी हाच हातानं वाढून घ्यायचा! त्याच आठवड्यात त्याला अमळनेरला परत आणला. काही घरांना संस्थेवाचून इलाज नसतो, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण तुमच्याकडे अजून वेळ आहे.

त्यानं एकट्यानं दळण आणायचं, अशी आम्ही पिठाच्या गिरणीपासून सुरुवात केली. महिनाभर मी सोबत जायचो, मग कोपऱ्यापर्यंत, मग ओट्यावरून नुसती नजर. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) डब्याला लाल फडकं, गव्हाच्या डब्याला पांढरं, म्हणजे त्याला बोलून सांगावं लागत नाही. गिरणीवाले काका "बठ रे भाऊ" म्हणतात आणि तो पोत्यावर बसतो. पट्ट्याजवळ जायचं नाही हे त्यांनीच शिकवलं. एकदा वीज गेली, दळण रखडलं, तर काकांचाच फोन आला, "इथंच आहे, काळजी करू नका." गल्लीत अशी आठ-दहा माणसं तयार व्हायला वर्षं लागतात, आणि ती आईबाप असतानाच व्हावी लागतात. पूर्वी कानबाईच्या सणाला पाहुणे आले की त्याला मागच्या खोलीत बसवायचो. आता तो पंगतीत असतो.

अधूनमधून एक रात्र त्याला काका-मामांकडे झोपायला पाठवा. तुम्ही दवाखान्यात असाल त्या दिवशी ती पहिलीच रात्र नको.

आता कागदांचं. 18 वर्षांनंतर आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. चोपड्याहून त्यासाठी जळगावला जावं लागतं. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो, त्यामुळे शेतीवर डोळा असणाऱ्याला वचक बसतो. पण पालकत्व मिळालं म्हणून मुलाच्या ताटातली भाजीसुद्धा आपण ठरवायची, असं करू नका. दिव्यांग हक्क कायदा, 2016 त्याला समाजात राहण्याचा हक्क देतो. राष्ट्रीय न्यासाचा 'निरामय' आरोग्य विमा 1 लाखापर्यंत आहे, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. तुमचे यजमान सरकारी नोकरीत असतील तर कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदांत मुलाचं नाव आत्ताच लावून घ्या.

तुम्ही त्याच्या अडचणी सगळ्या लिहिल्यात ताई, पण त्याला काय आवडतं ते नाही लिहिलंत. गुरं, दुकान, देऊळ, काहीही असो, तेवढं कळवा. सुरुवात तिथूनच करू.