दोघांना चालेल असं नाव, आणि जर्मनीचा कायदा

प्रश्न स्टुटगार्टजवळ राहणाऱ्या एका जोडप्याचा आहे, थोडा छाटून देते. "ताई, एप्रिलमध्ये बाळ होणार आहे. मुलगा की मुलगी ते आम्ही मुद्दाम विचारलं नाहीये, डॉक्टरीणबाई दोनदा सांगायला निघाल्या तेव्हा कानावर हात ठेवले. म्हणून दोघांनाही चालेल असं एकच नाव ठरवावं असं डोक्यात आहे, किरण आवडलंय. पण नाशिकहून सासूबाई म्हणतात आयुष्यभर गोंधळ होईल, नणंदेने व्हॉट्सअ‍ॅपवर चाळीस नावांची वेगळीच यादी पाठवलीय, आणि ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली की जर्मनीत नावावरून मुलगा-मुलगी कळलंच पाहिजे असा कायदा आहे. खरंय का?"

मैत्रीण अगदीच चूक नाही, फक्त बरीच मागे राहिलीये. पूर्वी जन्मनोंदणी करणाऱ्या श्टांडेसआम्टच्या कर्मचाऱ्यांना जी नियमपुस्तिका असायची त्यात तसं होतं, आणि नाव दोन्हीकडे चालणारं असेल तर जोडीला दुसरं एक स्पष्ट मुलीचं किंवा मुलाचं नाव लावा असं सांगायचे. मग एका कुटुंबाने मुलीचं नाव ठेवलं आणि ऑफिसने हेच सांगितलं, की यावरून मुलगी आहे हे कळत नाही. ते कोर्टात गेले, खाली हरले, आणि प्रकरण थेट कार्ल्सरूहेच्या घटनात्मक न्यायालयात पोचलं. 5 डिसेंबर 2008 ला निकाल लागला की नावावरून लिंग कळलंच पाहिजे असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही, नाव निवडायचा हक्क आईबाबांचा, सरकारने मधे पडायचं ते फक्त बाळाच्या हिताला धक्का लागत असेल तेव्हा. आणि ते नाव कुठलं होतं माहितीये? किरण. तुमचंच. म्हणजे सगळ्या जर्मनीत अँड्रिया, किम, साशा यांच्यावरून वाद घालणाऱ्यांना शेवटी आपल्या किरणनेच रस्ता करून दिला, आणि ते कोर्ट तुमच्यापासून तासाभरावर आहे.

तरी एखादा कर्मचारी अडलाच (नाव ऐकलेलं नसतं हो, बिचाऱ्याचा दोष नाही) तर भांडू नका. वीस्बाडेनला जर्मन भाषेची संस्था आहे आणि लाइपझिग विद्यापीठात नावांचा सल्ला देणारं केंद्र आहे, तिथून त्या नावाबद्दल लेखी मत मिळतं, पैसे पडतात. डेन्मार्कला मात्र वेगळं आहे, तिथे मंजूर नावांची यादीच असते, यादीत नसेल तर अर्ज करा, त्यामुळे तिकडच्या भावंडांचा सल्ला इकडे लावू नका आणि इकडचा तिकडे.

आता सासूबाईंचा गोंधळ. माझं स्वतःचं नाव सुहास आहे, त्यामुळे यावर मी हक्काने बोलते. शाळेत हजेरीत आधी मुलं आणि मग मुली असायच्या, मी पाचवीत दोन महिने मुलांमध्ये होते, कारण यादी करणाऱ्या सरांनी मला पाहिलंच नव्हतं. लग्नपत्रिका 'श्री. सुहास' नावाने यायच्या. पण त्याचा त्रास झाला असं काही आठवत नाही, उलट सुहास जोशींचं नाटक बघून आल्यावर आई म्हणाली बघ, किती मोठी बाई आहे तुझ्या नावाची. किरण बेदी आहेत, किरण मोरे विकेटकीपर होता, दोघांनाही कुणी अडवलं नाही. मंगल, कमल ही नावं आपल्याकडे मावश्यांची आणि उत्तरेत काकांची! तेव्हा सासूबाईंना शेजारपाजारची माणसं मोजायला लावा, एकतरी किरण निघेलच, आणि त्यात बाई किती पुरुष किती तेही त्याच सांगतील.

आणि खरी गंमत अशी की आपल्या भाषेत नाव दोघांचं असलं तरी वाक्यात ते टिकत नाही. किरण आला की किरण आली, पहिल्याच क्रियापदात उघडं पडतं. नाशिकच्या फोनवर गोंधळ व्हायला जागाच नाही. गोंधळ होतो तो परक्या कानांत आणि पत्राच्या पाकिटावर, कारण कुठलं नाव कुणाचं हे ऐकणारा ठरवतो. इंग्लंड-आयर्लंडला किरण म्हटलं की कीरन ऐकू येतं आणि तो मुलगा. निकिता आपल्याकडे मुलगी, रशियात निकिता क्रुश्चेव. आर्य आणि आर्या मराठीत दोन वेगळी माणसं, रोमन लिपीत एकच, आणि शेवटी a दिसला की इथे बहुतेक जण मुलगी समजतात, आदित्य आणि अथर्वच्या आयांना विचारा.

म्हणून कागदावर लिहिण्याआधी जर्मन शेजाऱ्याला फक्त स्पेलिंग दाखवा, स्वतः उच्चारू नका, तो काय वाचतो ते ऐका. दोन e लिहिले की ते लांब ए वाचतात, नीलम म्हणून गेलेली पोरगी नेलाम होऊन परत येते, i लिहिला तर त्यातून सुटते. j चा य होतो, जय बिचारा याय. आमच्या सुरुवातीच्या स ला ते झ करतात, मी गेली एकोणीस वर्षं झुहास आहे, आता तर मी फोनवर स्वतःच तसं सांगते, वेळ वाचतो. th ला नुसता ट. तुमच्या किरणला यातलं काहीच लागत नाही, पाच अक्षरं, जसं लिहिलं तसं वाचलं, हे मला त्या कोर्टाच्या निकालापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. जन्म एका आठवड्यात कळवावा लागतो, ते हॉस्पिटल करतं, आणि नर्स दुसऱ्याच दिवशी फॉर्म घेऊन उभी राहते म्हणून लोक घाबरून काहीतरी लिहून टाकतात. पण नाव द्यायला महिनाभराची मुदत आहे. म्हणजे बाराव्या दिवसाचं बारसं आरामात बसतं, पत्रिकेवरून अक्षर काढायचं असेल तर तेही होतं. फक्त नाव नाही तोवर जन्मदाखला अडकतो आणि दाखल्याशिवाय किंडरगेल्ड (मुलासाठी सरकार दरमहा देतं तो भत्ता), पासपोर्ट सगळं लांबणीवर पडतं, त्यामुळे अगदी तिसाव्या दिवसापर्यंत चघळत बसू नका. आपल्या पद्धतीने मधलं नाव वडिलांचं लावायचं की नाही तेही आत्ताच ठरवा आणि श्टांडेसआम्टला फोन करून विचारून ठेवा, कारण दाखल्यावर जे छापलं जाईल तेच पुढे भारतीय पासपोर्टवर जाणार. तुम्ही दोघं भारतीय नागरिक असाल तर जन्माची नोंद कॉन्सुलेटमध्ये एक वर्षाच्या आत करायचीय, ती विसरू नका.

जास्तीचं 'स्पष्ट' नाव सुरक्षितता म्हणून लावावं का असं तुम्ही शेवटी विचारलंय. माझं मत, नको. ज्याची गरज नाही असं कोर्टानेच सांगितलंय ते आपण हौसेने कशाला लिहायचं, आणि दोन नावांत पोर नेहमी नावडत्यालाच अडकतं.

राहिली नणंद. चाळीसची यादी पाठवलीय म्हणजे तिला विचारलं जायला हवंय एवढंच. बाळाच्या कानात नाव तीच सांगणार, पाठीत धपाटेही तीच खाणार, तेव्हा श्टांडेसआम्टच्या आधी तिला फोन करा.