केशरी पट्टा पिवळट का येतो

१५ ऑगस्टला सोसायटीतल्या तिरंग्याचे ढीगभर फोटो काढले, केशरी पट्टा पिवळट-सपाट आला आणि पांढरा पट्टा आभाळात विरघळला, असं तुम्ही लिहिलंय. हे दुखणं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. शटरचा वेग आणि बर्स्ट (एकामागोमाग फोटो) यांचं सांगत बसत नाही. छोट्या झेंड्याला १/१००० सेकंद, मोठ्याला १/५०० पुरतं, एवढं धरून चाला.

खरी चूक हिस्टोग्रामची, म्हणजे फोटोत अंधार-उजेड किती ते दाखवणाऱ्या आलेखाची (डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड). स्क्रीनवरचा एकरंगी हिस्टोग्राम हिरव्या रंगाला जास्त वजन देतो. केशरीत लाल सर्वांत जास्त, हिरवा मध्यम, निळा कमी. त्यामुळे आलेख मधोमध दिसतो आणि लाल चॅनल (फोटोतला लाल रंगाचा हिस्सा) केव्हाच भरून वाहिलेला असतो. लाल अडकला की उजेड वाढेल तसा फक्त हिरवा वाढतो, म्हणून उन्हाकडची बाजू पिवळी पडते, घड्या जातात. आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा) लावा आणि लाल आलेख उजव्या भिंतीला टेकणार नाही इतकं एक्सपोजर (फोटोत येणारा उजेड) कमी करा. उन्हात साधारण -०.३ ते -०.७ स्टॉप. रंग भडक करणारं 'व्हिव्हिड' प्रोफाइल बंद. व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणूनची रंगाची सेटिंग) ५२०० ते ५५०० केल्विनवर बांधून ठेवा. फ्रेमभर केशरी असलं की ऑटो भलतीकडेच जातो. जेपीईजीत गेलेला लाल परत येत नाही, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) थोडाफार येतो.

पांढऱ्या आभाळाचं मात्र एक्सपोजरने भागत नाही. कमी केलं तर झेंडा काळवंडतो, वाढवलं तर पांढरा पट्टा गायब. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या जिन्यातून लांब लेन्सने घ्या, म्हणजे मागे झाड येईल. जमिनीवरूनच घ्यायचा तर दक्षिणेला उभं राहून उत्तरेकडे बघा. ऑगस्टात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिम-नैऋत्येचा, काठी डावीकडे, कापड उजवीकडे, आणि सकाळचं ऊन (निघालंच तर!) कापडाला चाटून जातं, घड्या उठतात. आवारात इमारतींमुळे वारा फिरतो, तेव्हा आधी पाच मिनिटं नुसतं बघा. भिजलेली खादी लोंबत राहते, तिथे वाट बघण्यावाचून इलाज नाही.

मोबाइलवर एचडीआर (अनेक फ्रेम जोडून एक फोटो करणं) बंद ठेवा, नाहीतर तीन-चार फ्रेम जोडताना फडकत्या कडेला दुहेरी रेघ येते.

आणि छपाई. फाइल देताना 'ऑटो करेक्शन (मशीनने आपोआप रंग बदलणं) नको' हे लेखी द्या. एका छपाईवाल्याने सगळ्या प्रिंटवर परस्पर ते लावून केशरीचा हळदी रंग केला, वर "तुमची फाइलच तशी" म्हणून हात झटकले. माझ्या हिस्टोग्रामच्या चुकीपेक्षा ते महाग पडलं. आधी एक ४×६ प्रिंट काढून बघा, मगच बाकीचे.

जाता जाता: ध्वजसंहितेत ध्वजावर अक्षरं लिहायला मनाई आहे. मी वकील नाही, पण वॉटरमार्क आभाळाच्या कोपऱ्यात टाकावा, पट्ट्यांवर नको.

२६ जानेवारीला झेंडा वरच बांधलेला असतो, दोरी ओढली की पाकळ्या पडतात. फोकस आधीच काठीच्या टोकावर लॉक करून ठेवा. पाकळ्या दिसू लागल्यावर ऑटोफोकस त्यांच्याच मागे धावतो.