वाचकांचे प्रश्न : वाचाघात आणि परत येणारी भाषा

प्रश्न : माझे वडील एकाहत्तर वर्षांचे असून त्यांनी फोंडा तालुक्यातील मराठी प्राथमिक शाळेत आयुष्यभर शिकवले. पाच महिन्यांपूर्वी त्यांना मेंदूचा झटका आला. उजवा हात बराच सुधारला आहे, पण बोलणे तुटक झाले आहे. घरात आम्ही कोकणी बोलतो. त्यांचे वाचन-लेखन मात्र सारे मराठीतले. हल्ली त्यांना कोकणी शब्द सुचतात, मराठी वृत्तपत्र मात्र ते हातात घेऊन बाजूला ठेवतात. गोंधळ नको म्हणून त्यांच्याशी एकच भाषा बोला, असे नातेवाईक सांगतात. आम्ही काय करावे?

उत्तर : सर्वप्रथम, वडील मराठी विसरले असे घरात कोणीही, विशेषतः त्यांच्यासमोर, म्हणू नये. वाचाघातात, म्हणजे डॉक्टर ज्याला अफेजिया म्हणतात त्या अवस्थेत, शब्दांपर्यंत पोहोचण्याची वाट बिघडते. आठवणी, माणसांची पारख आणि वर्गापुढे उभे राहिलेल्या शिक्षकाचा स्वाभिमान बहुतेक वेळा शाबूत असतो. पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोका यांनी ज्या रुग्णाच्या मेंदूचे वर्णन केले, त्याच्या तोंडून ‘तान’ एवढाच उच्चार निघत असे, तरी इतरांचे बोलणे त्याला बरेचसे समजत होते.

आपल्या पत्रातील एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. वडिलांची कोकणी ही बोलण्याची भाषा आहे आणि मराठी ही मुख्यतः वाचण्या-लिहिण्याची. त्यामुळे अडथळा मराठीत आहे की वाचनात, हे नुसत्या वृत्तपत्रावरून ठरवता येणार नाही. त्यांच्याशी सावकाश मराठीत बोलून पाहा, आणि देवनागरीत छापलेला कोकणी मजकूरही समोर ठेवून पाहा. मराठी ऐकून कळत असेल आणि कोकणी मजकूरही वाचता येत नसेल, तर प्रश्न भाषेचा नसून वाचनाचा आहे. डाव्या मेंदूला इजा झाल्यावर काही जणांना दोन्ही डोळ्यांनी उजवीकडचे दिसत नाही, आणि मग ओळ अर्ध्यावर तुटल्यासारखी वाटते. म्हणून दृष्टिक्षेत्राची तपासणीही करून घ्यावी.

आता एकाच भाषेच्या सल्ल्याविषयी. आधी शिकलेली भाषा अधिक टिकते, असे फ्रेंच विचारवंत रिबो यांनी १८८१ मध्ये मांडले. झटक्याच्या वेळी जी भाषा सर्वांत परिचयाची असेल ती आधी परत येते, असे फ्रेंच डॉक्टर पित्र यांनी १८९५ मध्ये म्हटले. पुढील नोंदींनी दाखवले की यांपैकी कोणताही नियम सर्वांना लागू पडत नाही. बहुतेकांच्या भाषा साधारण बरोबरीने सुधारतात, काहींची एक भाषा पुढे जाते आणि दुसरी मागे राहते, तर क्वचित एक येऊ लागली की दुसरी काही काळ लपते. हैदराबाद येथील निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लादी व सहकाऱ्यांनी ६०८ स्ट्रोक रुग्णांचा अभ्यास करून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत झटक्यानंतर आकलनशक्ती सामान्य राहिलेल्यांचे प्रमाण द्विभाषिकांमध्ये सुमारे ४० टक्के आणि एकभाषिकांमध्ये सुमारे २० टक्के आढळले. वाचाघाताचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत सारखेच होते. अनेक भाषा येणे वाचाघातापासून वाचवत नाही, परंतु घरात अनेक भाषा असण्याबद्दल धास्ती बाळगण्याचेही कारण यात दिसत नाही.

म्हणून भाषा तोडू नका. वडिलांना ‘पाणी’ सुचले नाही आणि ते ‘उदक’ म्हणाले, तर पेला लगेच पुढे करा. त्या क्षणी शब्द सुधारायला लावू नका. हेतू पोहोचला, हेच त्या वेळचे यश आहे. स्पीच थेरपी शक्य तितकी कोकणीतून सुरू करावी आणि घर, हात, दूध अशा दोन्ही भाषांत समान असलेल्या शब्दांना प्राधान्य द्यावे. एका भाषेतील सरावाचा लाभ दुसरीकडे पोहोचायचा असेल तर अशा समान शब्दांतून तो सहज पोहोचतो, असे काही अभ्यासांत दिसले आहे, आणि कोकणी-मराठीच्या सख्ख्या नात्यामुळे आपल्याकडे असे शब्द विपुल आहेत.

प्रश्न : माझ्या यजमानांना चहा हवा हे सांगता येत नाही, पण चवथीला घुमट वाजू लागताच त्यांनी अख्खी आरती शब्दांसह म्हटली. ते बोलण्याचा कंटाळा करतात का? (डिचोली)

उत्तर : मुळीच नाही, आणि तसा आरोप त्यांच्या मनाला लागेल. पाठ झालेली आरती, अंक, वार हे ठरलेल्या क्रमाने आपोआप बाहेर पडतात. ‘मला चहा हवा’ हे वाक्य मात्र प्रत्येक वेळी नव्याने जुळवावे लागते. शिवाय गाण्यात उजव्या मेंदूचाही मोठा वाटा असतो. याच निरीक्षणावरून १९७३ मध्ये अमेरिकेत सुरांच्या आधाराने वाक्ये म्हणवून घेण्याची पद्धत मांडली गेली, जिच्यात रुग्ण डाव्या हाताने ठेका धरतो आणि सूर हळूहळू कमी करत साध्या बोलण्याकडे नेला जातो. सराव केलेली वाक्ये तिने सुधारतात. सराव न केलेल्या बोलण्यात तितका फरक पडेलच, असे पुराव्यावरून म्हणता येत नाही. त्यामुळे नुसती आरती म्हणवून घेण्यापेक्षा त्यांच्या रोजच्या गरजेची चार-पाच वाक्ये निवडून ती चालीवर बसवावीत.

प्रश्न : झटक्याला दीड वर्ष झाले. सहा महिन्यांनंतर सुधारणा थांबते, हे खरे का? (म्हापसा)

उत्तर : सुरुवातीचे काही महिने वेग अधिक असतो, एवढेच खरे आहे. जर्मनीत झटक्याला किमान सहा महिने झालेल्या १५६ रुग्णांवर केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आठवड्याला दहा तास किंवा त्याहून अधिक अशी तीन आठवड्यांची थेरपी दिल्यावर दैनंदिन संवाद सुधारला आणि सहा महिन्यांनीही ती सुधारणा टिकून होती. याउलट, झटका आल्याच्या पहिल्या दोन आठवड्यांतच तासांचा भडिमार केल्याने अधिक लाभ होतो, असे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील मोठ्या चाचणीत दिसले नाही. रुग्णाला पेलेल इतकेच, पण नेमाने करावे. दीड वर्षानंतरही वाचा-उपचारतज्ज्ञाकडून नव्याने मूल्यमापन करून घ्या, आणि घरी बोलताना त्यांचे वाक्य स्वतः पूर्ण करण्याआधी मनात दहापर्यंत मोजा.