गंजकी जुनी गाडी घेताना

रंगाकडे नंतर बघ, आधी गाडीखाली वाक. इंजिन दमलेलं असेल तर उघडून बांधता येतं. सडलेला पत्रा मात्र खिसा रिकामा करतो. टॉर्च, स्क्रूड्रायव्हर आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक सोबत ने. लोखंडी पत्र्यावर चुंबक धरत नसेल, तर रंगाखाली पुट्टी थापलीय समज. मॅट उचलून फ्लोअर बघ. मी पहिली गाडी चकाकीला भुलून घेतली, घरी येऊन मॅट उचलली तर खालचा रस्ता दिसला! वरवरचा तांबूस थर घासला की जातो. पण सस्पेन्शन (चाकांचे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा वगैरे) बॉडीला जिथे बसतं तिथे पापुद्रे सुटत असतील, स्क्रूड्रायव्हर आत घुसत असेल (मालकाला विचारूनच टोच हं), तर कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागणार. वेगळी चॅसी (बॉडीखालचा लोखंडी सांगाडा) नसलेल्या गाडीत हाच पत्रा सगळा भार पेलतो, तिथे मी सरळ नाही म्हणतो.